दोन मिनिटांचा माइक

स्वाहिलीत विम्याला 'बीमा' म्हणतात आणि एक लाखाला 'लाकी'. हिंदी महासागरात शिडाची गलबतं ये-जा करायची, त्या काळात आपल्या बाजूच्या किनाऱ्यावरून तिकडे गेलेले हे शब्द. टांझानियातल्या दार-एस-सलामच्या एखाद्या तरुण कार्यकर्तीचं संयुक्त राष्ट्रांच्या बैठकांसाठी जिनिव्हाला जायचं ठरलं, की सगळ्यात आधी तिच्यासमोर हेच दोन शब्द येऊन उभे राहतात. किमान ३०,००० युरोंचं संरक्षण देणारा प्रवासी बीमा, आणि बँकेच्या तीन महिन्यांच्या उताऱ्यात किती लाकी शिलिंग आहेत त्याचा हिशोब. एका युरोला अडीच-तीन हजार शिलिंग पडतात. उताऱ्यावर शून्यं भरपूर दिसतात, पण व्हिसा अधिकाऱ्याने ती युरोत मोजली की सगळा रुबाब उतरतो.

अशा मुली दरवर्षी निघतात. पंचविशी-तिशीतल्या, टांझानिया, मलावी, युगांडा, सिएरा लिओनच्या. कुणी वकील असते, कुणी शिक्षिका, कुणी रेडिओवर बोलणारी. कामाचं नाव 'अ‍ॅडव्होकसी'. आपल्याकडच्या सामाजिक संस्थांत त्याला जनवकिली म्हणतात, आणि तो शब्द मला मूळ इंग्रजी शब्दापेक्षा जास्त नेमका वाटतो. दौऱ्याला अभ्यासदौरा म्हणावं तर पंचाईत आहे, कारण नगरसेवकांच्या सहलींनी तो शब्द आपल्याकडे पार बदनाम करून ठेवला आहे. इथे मात्र अभ्यास खरोखरच असतो. एक-दोन आठवडे, आठ-दहा जणी, आणि मोठमोठ्या संस्थांची दारं कशी उघडतात, कुठली उघडतच नाहीत, हे शिकायचं.

आपण टांझानियाच्या मुलीबरोबर जाऊ. तिचे विषय दोन: बालविवाह आणि विधवांचा जमिनीवरचा हक्क.

व्हिसापासून सुरुवात करावी लागते, कारण बरेच दौरे तिथेच संपतात. शेंगेन व्हिसाचं, म्हणजे स्वित्झर्लंडसह युरोपातल्या बऱ्याच देशांत चालणाऱ्या एकाच व्हिसाचं, शुल्क जून २०२४ पासून ९० युरो आहे आणि नकार आला तरी ते परत मिळत नाही. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उशिरात उशिरा पंधरा दिवस आधी. नियम म्हणतो पंधरा दिवस, पण बोटांचे ठसे द्यायची वेळच महिना महिना मिळत नाही. म्हणून आयोजकांचं निमंत्रणपत्र हातात असायला हवं ते निदान तीन महिने आधी. त्या पत्रात खर्च कोण करणार, तिकीट कोणाचं, राहायची सोय कुठे, तारखा कोणत्या, हे सगळं स्पष्ट हवं. 'आपला सहभाग मोलाचा ठरेल' छापाचं गुळमुळीत पत्र निरुपयोगी. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी.

एवढं करूनही नकार येतो. नकाराच्या छापील फॉर्मवर कारणांसमोर चौकटी असतात आणि एकीत खूण केलेली असते. तरुण, अविवाहित, पहिल्यांदाच परदेशी निघालेल्या मुलीच्या फॉर्मवर ही खूण बहुधा एकाच ठिकाणी सापडते: मुदत संपण्याआधी तुम्ही परत जाल याबद्दल वाजवी शंका आहे. शंका फिटायला हवी असेल तर मायदेशातले पाश दाखवा. नोकरीचं पत्र, नवरा, मुलं, आणि शक्यतो जमीन किंवा घर नावावर असल्याचा कागद.

जमीन नावावर असल्याचा कागद! ती ज्या प्रश्नावर बोलायला निघाली आहे तोच प्रश्न खिडकीपलीकडून तिला विचारला जातो. टांझानियात रूढिगत कायद्याचा १९६३ चा आदेश आहे. त्याच्या वारसाहक्काच्या नियमांत बायकांचा नंबर शेवटचा, आणि विधवेला तर नवऱ्याच्या मालमत्तेत वाटाच नाही. तिची सोय मुलांनी करायची. शिन्यांगा भागातल्या सुकुमा समाजातल्या दोन तरुण विधवांना नवरे गेल्यावर सासरच्यांनी घराबाहेर काढलं. त्या कोर्टात गेल्या. २००६ मध्ये उच्च न्यायालयाने मान्य केलं की हे नियम भेदभाव करणारे आहेत, पण न्यायालयाच्या फटकाऱ्याने रूढी बदलता येत नाहीत म्हणून हात वर केले. अपील चार वर्षं पडून राहिलं आणि २०१० मध्ये फेटाळलं गेलं ते खालच्या कोर्टाच्या आदेशावरची तारीख चुकली होती म्हणून. तारीख कोर्टाची चुकली, घर बायकांचं गेलं. अखेर या दोघी, नोंदीत फक्त ई. एस. आणि एस. सी., स्त्रियांविरुद्धच्या भेदभावाबद्दलच्या संयुक्त राष्ट्रांच्या समितीकडे गेल्या, आणि २०१५ मध्ये समितीने टांझानियाने करार मोडल्याचं ठरवलं. भरपाई द्या, कायदा दुरुस्त करा, असं सांगितलं.

हे प्रकरण अशा मुलीला तोंडपाठ असावं लागतं. व्हिसाच्या खिडकीवर ते सांगून उपयोग नसतो. तिथे उपयोगी पडतं ते संस्थेच्या लेटरहेडवरचं पत्र: ही आमच्याकडे अमुक सालापासून कामाला आहे, परतल्यावर अमुक तारखेला कामावर रुजू होईल, पगार इतका. आधी शेजारच्या देशांत जाऊन परत आल्याचे शिक्के असले तर सोन्याहून पिवळं. म्हणूनच शहाणे आयोजक दौऱ्याचा पहिला टप्पा आफ्रिकेतच ठेवतात.

तो टप्पा टांझानियाच्या मुलीसाठी तर घरातच आहे. मानवी आणि लोकांच्या हक्कांचं आफ्रिकी न्यायालय अरुशाला बसतं, किलिमांजारोकडे जाणारे पर्यटक जिथे मुक्काम करतात त्या गावात. न्यायाधीश अकरा. याच न्यायालयाने ११ मे २०१८ ला मालीच्या कुटुंब कायद्याविरुद्ध निकाल दिला. त्या कायद्यात लग्नाचं वय मुलाला १८ आणि मुलीला १६ होतं. आफ्रिकी स्त्रियांच्या हक्कांचा मापुटो करारनामा २००३ मध्ये झाला, त्याच्या सहाव्या कलमात वय सरळ १८ लिहिलं आहे, आणि त्या करारनाम्याच्या आधारे या न्यायालयाने दिलेला हा पहिला निकाल. दोन संस्थांनी थेट जाऊन दाद मागितली होती.

टांझानियाचा कायदा मालीपेक्षाही मागे. १९७१ च्या विवाह कायद्याचं तेरावं कलम मुलाला १८ सांगतं आणि मुलीला १५, कोर्टाने परवानगी दिली तर १४ सुद्धा. सतराव्या कलमानुसार आई-बापांची संमती असली की झालं. मग टांझानियाच्या मुलीने अरुशाच्या कोर्टात का जाऊ नये? कारण व्यक्तीला किंवा संस्थेला तिथे थेट जायचं तर तिच्या सरकारने ३४ व्या कलमाच्या सहाव्या पोटकलमाखाली तशी मुभा देणारं घोषणापत्र दिलेलं असावं लागतं. टांझानियाने ते दिलं होतं. न्यायालयात येणाऱ्या अर्जांचा मोठा वाटा टांझानियाविरुद्धचाच होऊ लागला आणि नोव्हेंबर २०१९ मध्ये सरकारने ते काढून घेतलं. म्हणजे न्यायालय अंगणात आणि अंगणातल्या माणसाला मज्जाव. अभ्यासदौऱ्यात इमारत बघून होते, ग्रंथालय बघून होतं, रजिस्ट्रीतले, म्हणजे न्यायालयाच्या कचेरीतले, लोक आपुलकीने बोलतात. पण हे एक पोटकलम समजलं तरच अरुशाचा दिवस कामी लागला म्हणायचा.

पुढचा मुक्काम इथिओपियाची राजधानी अदिस अबाबा, तिच्याबद्दल थोडक्यात. आफ्रिकी संघाची इमारत चीनने बांधून दिली, २० कोटी डॉलर खर्चून, २०१२ मध्ये. मनोऱ्याची उंची ९९.९ मीटर, कारण संघाची घोषणा झाली ती ९ सप्टेंबर १९९९ ला. आत शिरायला कुठल्या तरी विभागाचं पत्र लागतं, आणि ज्यांना भेटायचं ते नेमके दौऱ्यावर असतात. शहर समुद्रसपाटीपासून जवळजवळ २,४०० मीटरवर, त्यामुळे समुद्रकाठच्या दार-एस-सलामची मुलगी पहिल्या दिवशी दोन जिने चढून धापा टाकते. पीतज्वराच्या लशीचं पिवळं कार्ड पासपोर्टमध्येच ठेवावं, परत येताना विमानतळावर मागतात.

आता जिनिव्हा. इथे जरा रेंगाळायला हवं.

विमानतळावरून शहरातलं स्टेशन रेल्वेने सात मिनिटांवर. हॉटेलात किंवा वसतिगृहात उतरणाऱ्याला बस-ट्रामचं मोफत कार्ड मिळतं, ते मागून घ्यायचं. टांझानियातले इंग्रजी पद्धतीचे जाड तीन पायांचे प्लग स्वित्झर्लंडच्या भिंतीत शिरत नाहीत, तेव्हा अ‍ॅडॉप्टर घरूनच न्यावा. तिथे घेतला तर एका अ‍ॅडॉप्टरच्या पैशात घरी आठवड्याचं जेवण होतं. रस्त्याकडेच्या कारंज्यांचं पाणी पिता येतं, जिथे पिऊ नये तिथे तसं लिहिलेलं असतं.

१५ नंबरची ट्राम ज्या चौकात थांबते तिथे लाकडाची १२ मीटर उंच खुर्ची आहे, एक पाय तुटलेली. भूसुरुंगांविरुद्ध १९९७ मध्ये तीन महिन्यांपुरती उभी केली होती. समोर देशांच्या झेंड्यांची रांग, त्यामागे पॅले दे नास्यों, म्हणजे संयुक्त राष्ट्रांचं जिनिव्हातलं कार्यालय. सगळ्यांचे फोटो इथेच निघतात. पण पाहुण्यांची आत जायची वाट या दारातून नाही. चढ चढून प्रेनी गेटला जायचं, पासपोर्ट दाखवायचा, बिल्ला घ्यायचा. अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी त्या रांगेत तास-दीड तास सहज मोडतो. नऊची बैठक असेल आणि तुम्ही पावणेनऊला पोहोचलात, तर बैठक चुकली असं समजा. बागेत मोर फिरत असतात. जमीन देणाऱ्याने ते राहू द्यावेत अशी अट घातली होती म्हणतात, आणि ते भर सभेच्या वेळी खिडकीखाली ओरडतात.

बिल्ल्याची एक वेगळी गोष्ट आहे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क परिषदेत बोलायचं तर संस्थेकडे त्यांच्याच आर्थिक व सामाजिक परिषदेचा सल्लागार दर्जा हवा. अर्ज १ जूनपर्यंत, संस्था निदान दोन वर्षं जुनी, आणि निर्णय १९ देशांच्या समितीच्या हाती. नको असलेल्या संस्थेला समिती नाही म्हणत नाही. एखादा सदस्य देश एक प्रश्न विचारतो, उत्तर आलं की पुढच्या बैठकीत दुसरा, आणि फाइल वर्षानुवर्षं 'पुढे ढकलली' या शेऱ्याखाली राहते. आपल्या तहसील कचेरीत हयात घालवलेल्या माणसाला ही पद्धत ओळखीची वाटेल. म्हणून छोट्या संस्थेची मुलगी बहुतेक वेळा दुसऱ्या, दर्जा असलेल्या संस्थेच्या नावाने बिल्ला घेते आणि त्यांच्याच नावाने बोलते. लेखी निवेदनाला मात्र हा दर्जा सगळीकडे लागत नाही. देशांच्या सार्वत्रिक आढाव्यासाठी किंवा स्त्रियांविषयीच्या समितीसाठी कोणतीही संस्था लिहून पाठवू शकते. हे कितीतरी जणींना माहीतच नसतं, आणि त्या दर्जाची वाट बघत बसतात.

सार्वत्रिक आढावा म्हणजे दर साडेचार वर्षांनी प्रत्येक देशाची मानवी हक्कांवरची तपासणी. सगळे १९३ देश, सुटका कोणाचीच नाही. संस्थेच्या निवेदनाची मर्यादा २,८१५ शब्द, अनेक संस्थांनी मिळून केलं तर ५,६३०. निवेदन पाठवायचं असतं आढाव्याच्या सहा-सात महिने आधी. नेमकी इथेच पहिली चूक होते. आढाव्याच्या आठवड्यात जिनिव्हाला येऊन काहीतरी करता येईल अशा समजुतीने मुली येतात, आणि आल्यावर कळतं की कार्यगटाच्या त्या साडेतीन तासांच्या बैठकीत संस्थांना बोलताच येत नाही. मागच्या रांगांत बसून ऐकायचं फक्त.

गणित असं आहे. ज्या देशाचा आढावा, त्याला ७० मिनिटं. बाकी सगळ्यांना मिळून १४०. शंभरावर देश बोलायला उभे राहिले की एकेकाला जेमतेम सव्वा मिनिट, त्यात अभिनंदनाची दोन वाक्यं गेली की एक-दोन शिफारशींपुरतीच जागा उरते. त्या शिफारशी लिहिल्या जातात बऱ्याच आधी, त्या त्या देशाच्या राजधानीत, आणि पुष्कळदा तिच्याच शहरातल्या त्यांच्या दूतावासाने पाठवलेल्या टिपणावरून. म्हणजे जिनिव्हात परिणाम हवा असेल तर काम दार-एस-सलाममधल्या दूतावासांत दोन-तीन महिने आधी करायला हवं. जिनिव्हातली सगळ्यात उपयोगी भेट असते ती आढाव्याच्या महिनाभर आधी, राजनैतिक अधिकाऱ्यांसमोर होणाऱ्या पूर्वबैठकीची.

अधिकाऱ्याच्या हाती द्यायचा कागद एक. पाठपोट छापला तर दोन पानं, त्याहून अधिक नको. एक प्रश्न, दोन आकडे, एक कायद्याचं कलम, आणि खाली तयार शिफारस, जशीच्या तशी उचलून वाचता येईल अशी. क्रियापदावर सगळं अवलंबून. 'लग्नाच्या वयाबाबत कायद्यात सुधारणा करण्याचा विचार करावा' असं लिहिलंत तर सरकार आनंदाने स्वीकारतं, कारण विचार करायला काहीच लागत नाही, आणि पुढच्या वेळी 'विचार चालू आहे' म्हणून मोकळं होतं. 'बालविवाह रोखण्याचे प्रयत्न चालू ठेवावेत' हे तर त्याहून गोड विष. हवं ते वाक्य असं: 'विवाह कायदा, १९७१ च्या कलम १३ आणि १७ मध्ये दुरुस्ती करून मुलगा व मुलगी दोघांसाठी किमान वय अपवादाविना १८ करावं.' यात पळवाट नाही. सरकारला शिफारस नाकारायची सोयही इथे विनयशील आहे. 'अमान्य' असा शेरा नसतो, 'नोंद घेतली' असा असतो. नोंद घेतली म्हणजे नाही म्हटलं, हे नव्या मुलीला कोणीतरी सांगावं लागतं, नाहीतर ती टाळ्या वाजवते.

एका शब्दाने काय होतं याचं उदाहरण आपल्या जवळचं आहे. मानवी हक्कांच्या १९४८ च्या जाहीरनाम्याचं पहिलं कलम 'सर्व पुरुष' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी सुरू होणार होतं. मुंबईच्या एसएनडीटी विद्यापीठाच्या कुलगुरू राहिलेल्या हंसा मेहता संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क आयोगावर भारताच्या प्रतिनिधी होत्या. त्या शब्दावर अडून बसल्या, आणि 'सर्व मानव' आलं. 'पुरुष म्हणजे सगळेच आले की त्यात' हा युक्तिवाद तेव्हाही ऐकवला गेला होता.

आढाव्याचा अहवाल काही महिन्यांनी परिषदेत मंजूर होतो तेव्हा मात्र संस्थांना वेळ मिळतो. सगळ्यांना मिळून वीस मिनिटं, दहा जणांना प्रत्येकी दोन. या दोन मिनिटांसाठी मुली रात्र रात्र जागतात आणि तरीही बिघडतं, ते बहुतेक वेळा एकाच कारणाने. घाईने. सभागृहात सहा भाषांत दुभाषे असतात: अरबी, चिनी, इंग्रजी, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश. स्वाहिली त्यात नाही. ती इंग्रजीत बोलते, निम्मं सभागृह तिला दुभाष्याच्या आवाजात ऐकतं. चारशे शब्द दोन मिनिटांत कोंबले की दुभाषा मागे पडतो, कलमांचे नंबर आणि आकडे गळतात, आणि फ्रेंच ऐकणाऱ्या राजदूताच्या कानी पोहोचतो तो नुसता आवेश. सव्वादोनशे-अडीचशे शब्द पुरे. मजकूर दुभाष्यांकडे आधी पाठवायचा. मागणी पहिल्या तीस सेकंदांत सांगून टाकायची, कारण वेळ संपली की अध्यक्ष आभार मानतात आणि माइक बंद होतो, मग तुमचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य अर्ध्यावर असो की पाऊण. माइकचं बटण दाबून लाल दिवा लागल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, हे सांगण्यासारखं वाटत नाही, पण पहिले आठ-दहा शब्द दरवेळी कोणाचे तरी वाया जातातच.

त्या सभागृहाचं छत रंगाच्या लोंबत्या थरांनी भरलेलं आहे, स्पॅनिश चित्रकार मिकेल बार्सेलोचं काम, ३५ टन रंग. वर बघत बसू नये, नाव कधी पुकारतील सांगता येत नाही.

स्त्रियांविषयीच्या समितीचं वातावरण वेगळं. तेवीस तज्ज्ञ, ते स्वतःच्या देशाचे प्रतिनिधी म्हणून बसत नाहीत, आणि त्यांच्या देशाची पाळी आली की प्रश्न विचारत नाहीत. सरकारशी संवाद दोन बैठकांत, एकूण सहा तास. त्याआधी संस्थांशी अनौपचारिक बोलणं होतं. एका देशाच्या सगळ्या संस्थांना मिळून काही मिनिटं असतात, म्हणून आदल्या रात्री आपापसात वाटणी करून घ्यायची. तिघीही बालविवाहावरच बोलल्या तर जमीन राहून जाते. तज्ज्ञ खोदून विचारतात. 'कलम कुठलं? निकाल कधीचा? सरकारने अपील केलं होतं का?' इथे तिच्याकडे उत्तर हवं, आणि टांझानियाच्या मुलीकडे ते चांगलं आहे.

रेबेका ग्युमी या वकील बाईंनी त्या १३ आणि १७ कलमांना आव्हान दिलं. ८ जुलै २०१६ ला उच्च न्यायालयाने ती घटनाविरोधी ठरवली आणि सरकारला एका वर्षात कायदा दुरुस्त करायला सांगितलं. सरकार अपिलात गेलं. २३ ऑक्टोबर २०१९ ला ते अपीलही फेटाळलं गेलं. मधल्या काळात, २०१८ मध्ये, ग्युमींना संयुक्त राष्ट्रांचा मानवी हक्क पुरस्कार मिळाला. संसदेतली दुरुस्ती मात्र निकालानंतरही वर्षानुवर्षं रखडत राहिली. पुरस्कार, निकाल, कायदा या तिघांच्या चाली किती वेगळ्या असतात हे या तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की दिसतं. टांझानियाच्याच गर्ट्रूड मोंगेला १९९५ च्या बीजिंग महिला परिषदेच्या महासचिव होत्या. देशाने जगाला परिषद चालवणारी बाई दिली, आणि देशातल्या पुस्तकात १५ चा आकडा तसाच.

एक गोष्ट जिनिव्हात वारंवार घडते आणि ती मला खटकते. निधी देणारे, पत्रकार, कधी कधी तज्ज्ञही तिला म्हणतात, 'तुझी कहाणी सांग.' कायद्यावर बोलायला आलेल्या बाईकडून अश्रूंची अपेक्षा. युरोपातून आलेल्या वकिलाला कोणी बालपणाबद्दल विचारत नाही. अनुभवी जणी यावर एक युक्ती शिकवतात: कहाणी एकदाच, तीही स्वतःची नको, निकालात नोंदलेली, आणि मागणी तीनदा. फोटोच्या बाबतीतही आधी ठरवून ठेवायचं. सभागृहात तिच्याच देशाचे अधिकारी बसलेले असतात, कोण बोललं याची नोंद ठेवणारेही. परतल्यावर त्रास होण्याची शक्यता असेल तर नाव, बिल्ला, हॉटेल यातलं काहीही त्याच दिवशी समाजमाध्यमांवर टाकायचं नाही, आणि येण्याआधी एका विश्वासू माणसाकडे प्रवासाच्या तारखा देऊन ठेवायच्या. उलट बाजूने, आपल्या देशाच्या जिनिव्हातल्या कार्यालयात आधीच जाऊन भेटून यावं असंही जाणत्यांचं मत असतं. चहा मिळतो, आणि संशय थोडा कमी होतो.

दौऱ्याचं तिसरं टोक वॉशिंग्टन. इथलं सगळंच आता बेभरवशाचं झालं आहे. अमेरिकेने ऑगस्ट २०२५ मध्ये आधी मलावी आणि झांबियाच्या अर्जदारांकडून व्हिसासाठी १५,००० डॉलरपर्यंत जामीन मागायला सुरुवात केली, आणि निर्बंधांची यादी पुढे वाढतच गेली. हा टप्पा पडद्यावर उरकावा लागेल असं धरूनच कार्यक्रम आखलेला बरा.

पण शिकण्यासारखं तिथे खूप आहे. जागतिक बँकेच्या संचालक मंडळावर २५ खुर्च्या. टांझानियासह वीसेक आफ्रिकी देशांची मिळून एक, अमेरिकेची एकटीची एक. आणि तरीही बँक हलते हे टांझानियाच्या मुलींनी पाहिलं आहे. २०१७ मध्ये राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी गरोदर राहिलेल्या मुलींना शाळेत परत घेणार नाही असं जाहीर केलं. पुढच्या वर्षी बँकेने माध्यमिक शिक्षणाचं कर्ज थांबवलं. मार्च २०२० मध्ये मात्र ५० कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं, तेव्हा बंदी जागेवरच होती, आणि कर्जाला विरोध करणाऱ्यांना देशात धमक्या आल्या. बंदी उठली नोव्हेंबर २०२१ मध्ये, राष्ट्राध्यक्ष बदलल्यावर. कर्ज अडवणं बरोबर होतं का, यावर कार्यकर्त्या मुलींतही दोन तट आहेत. कर्ज अडलं तर शाळेत असलेल्या मुलींच्या वर्गखोल्याही अडतात. हा वाद ज्या दौऱ्यात होत नाही तो दौरा वरवरचा.

बँकेच्या त्याच आवारात तपासणी मंडळ आहे, इन्स्पेक्शन पॅनेल. बँकेच्या पैशाने चाललेल्या प्रकल्पामुळे नुकसान झालं तर दोन माणसं मिळून तक्रार करू शकतात. वकील लागत नाही. नावं गुप्त ठेवता येतात. पत्र स्वतःच्या भाषेत लिहिलं तरी चालतं, म्हणजे इथे स्वाहिली चालते. प्रकल्प, झालेलं नुकसान आणि बँकेशी आधी बोलायचा केलेला प्रयत्न, एवढं त्यात हवं. तक्रार नोंदली गेली की व्यवस्थापनाला उत्तरासाठी कामाचे २१ दिवस मिळतात. रुआहा राष्ट्रीय उद्यानाभोवतीच्या गावकऱ्यांनी २०२३ मध्ये अशीच तक्रार केली. पर्यटन वाढवण्याच्या १५ कोटी डॉलरच्या प्रकल्पात आम्हाला हुसकावलं जातंय, मारहाण होतेय, गुरं हिसकावली जाताहेत. एप्रिल २०२४ मध्ये बँकेने पैसे थांबवले, नोव्हेंबरमध्ये प्रकल्पच रद्द झाला.

हे मंडळ आलं कुठून, याचं उत्तर नंदुरबार जिल्ह्यात आहे. सरदार सरोवरासाठी बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर दिले होते. अक्कलकुवा तालुक्यातलं मणिबेली हे महाराष्ट्रातलं त्या पाण्याखाली जाणारं पहिलं गाव. नर्मदा बचाओ आंदोलनाच्या रेट्यामुळे बँकेला प्रकल्पाची स्वतंत्र तपासणी करणारी मोर्स समिती नेमावी लागली. जून १९९२ मध्ये समितीने बँकेचेच नियम पाळले गेले नाहीत असं लिहून दिलं, मार्च १९९३ मध्ये भारताने उरलेलं कर्ज सोडलं, आणि त्याच सप्टेंबरमध्ये बँकेने तपासणी मंडळ स्थापन केलं. मणिबेली बुडालंच. तीस वर्षांनी रुआहाच्या दोन माणसांनी जे दार ठोठावलं ते त्या गावाच्या भांडणातून पडलेलं होतं. वॉशिंग्टनमधल्या माहितीपत्रकात हे चार ओळींत असतं, तेही कधी कधीच.

परतीचं काम कोणी शिकवत नाही. बोर्डिंग पासचे तुकडे, ट्रामव्यतिरिक्तच्या प्रवासाच्या पावत्या, सगळं एका पाकिटात, कारण एक बोर्डिंग पास हरवला तर निधी देणारे हिशोब अडकवतात. पहिल्या पंधरवड्यात भेटलेल्या प्रत्येकाला चार ओळींचं पत्र, नाहीतर ती ओळख गेली. समितीच्या निरीक्षणांतले आपल्या विषयाचे परिच्छेद काढून त्यांचं स्वाहिली करायचं. हे सगळ्यात अवघड, कारण 'अपवादाविना' सारख्या शब्दावर जिनिव्हात तीन तास घालवलेले असतात आणि भाषांतरात तोच शब्द पहिला गळतो. मग ते कागद घेऊन राजधानी डोडोमाला खासदारांकडे, आणि शिन्यांगाला वॉर्डाच्या कचेरीत, जिथे विधवेची तक्रार खरोखर येते.

संयुक्त राष्ट्रांच्या कागदावर वर बोधचिन्ह असतं, दस्तऐवजाचा लांबलचक क्रमांक असतो, सही-शिक्का काहीच नसतो. वॉर्डाच्या कचेरीत पहिला प्रश्न त्याचाच येतो. म्हणून जाणती मुलगी आधी जिल्ह्याच्या समाजकल्याण अधिकाऱ्याकडून वरती जोडायचं एक पानी पत्र घेते आणि त्यावर गोल शिक्का उमटवून घेते. शिक्क्याला स्वाहिलीत 'मुहुरी' म्हणतात.